तेरा दिवस कोरडं जाळं

साखरतळ्याच्या तलावातला मासा कोणाचा, या प्रश्नावर सात वर्षांत दोन माणसं मेली आणि एका बाईचा हात गेला. मासा कोणाचा हे सांगणारा कागद उर्दूत होता. ज्यांच्या नावानं तो निघाला त्यांच्यापैकी कोणालाही उर्दू वाचता येत नव्हतं.

हात गेला तो मनकर्णाचा. उजव्या हाताची चार बोटं मुळापासून चेचलेली, आत वळलेली; अंगठा तेवढा शाबूत. भाकरी ती डाव्या हातानं थापी आणि उजव्या मनगटानं फिरवी. कोणी पाहत राहिलं तर परात त्याच्याकडे सरकवून म्हणे, "थाप की मग तूच."

साखरतळं सेनगावहून हिंगोलीला येणाऱ्या वाटेवर, थोडं आत. तेव्हा हा मुलूख निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. गावाला मातीच्या बांधाचा जुना तलाव, आणि बांधाच्या सांडव्याखाली भोयांची अठरा घरं. लग्नसराईत नवरीचा मेणा वाहायचा, अंमलदारांची पालखी वाहायची, कावडीनं पाणी भरायचं आणि उरलेले दिवस तलावात जाळं ओढायचं, हा त्यांचा धंदा. पुरुष जाळं टाकत. बायका जाळं विणत, सांधत, पाटीत मासे घेऊन गावोगाव विकत. पण पाण्यात पडलेल्या जाळ्याला हात लावत नसत. दुसरा एक नियम याहून कडक होता. तलावात माणूस मेलं तर त्या पाण्यात तेरा दिवस जाळं पडायचं नाही. बुडून मेलं असो, कोणी मारलेलं असो, आपलं असो की परकं असो.

मनकर्णाचा नवरा नामाजी या अठरा घरांतला सर्वांत चांगला जाळेकरी. त्याचा थोरला भाऊ संतराम भोयांचा पंच. मनकर्णाला दोन लेकरं झाली आणि दोन्ही लहानपणीच गेली.

तलावाचा गुत्ता, म्हणजे मासे धरायचा ठेका, दर साली तहसिलीत हर्रासात निघे. बोली तातेराव लावत. दुसरं कोणी लावत नसे. एकदा शेजारच्या गावच्या एकानं लावली होती, त्याची गंजी आठ दिवसांत जळाली. तातेरावांची दीडशे एकर जमीन होती, तिला पाणी तलावाचंच. मासा भोयांनी धरायचा, सात वाटे तातेरावांचे, आठवा अठरा घरांचा. राखणीला भीमसिंग नावाचा माणूस होता. उंच, कमी बोलणारा, हातात कायम तेल लावलेली काठी.

एकोणीसशे सदतीसच्या उन्हाळ्यात नामाजीच्या धोतराच्या ओच्यात दोन मरळ सापडले. घरात लेकरू तापानं फणफणलेलं होतं आणि वैद्यानं मरळाचं कालवण सांगितलं होतं. भीमसिंगनं त्याला बांधावरच्या बाभळीला ओल्या जाळ्यानं बांधलं. ओलं जाळं उन्हात वाळू लागलं की आवळत जातं. दुपारपर्यंत दोरा दंडात रुतला. मग भीमसिंगनं काठीनं सुरुवात केली, पायांपासून.

तातेराव घोड्यावरून आले आणि उतरले नाहीत. "काहून रे नाम्या," ते म्हणाले, "जाळं लई चांगलं विणतोस. पाह्य, तुलाच कसं बराबर बसलं."

अठरा घरांतली माणसं बांधाखाली उभी होती. कोणी पुढं आलं नाही. संध्याकाळी मनकर्णानं विळ्यानं जाळं कापलं. जाळं तिनंच विणलेलं होतं. नामाजी दीड महिना पालथा झोपला. ज्याच्यासाठी मरळ घेतले ते लेकरू त्याच आठवड्यात गेलं.

एकोणीसशे एक्केचाळीसच्या सुरुवातीला जिल्ह्याहून हुकूम आला. पटवाऱ्यानं चावडीवर तो आधी उर्दूत वाचला, मग मराठीत सांगितला. ज्या तलावात कोणी स्वखर्चानं माशाचं बीज सोडील, त्या तलावाचा हर्रास पाच वर्षं होणार नाही. बीज सोडणाऱ्याला परवाना मिळेल. पण आधी तलावातले मरळ काढावे लागतील, कारण मरळ बीज खातो. आणि दर साली मे महिन्याच्या पंधरा तारखेला महसुलाच्या गिरदावरासमोर जाळं टाकून वीतभर लांबीचे पंचवीस तरी कटले किंवा रोहू दाखवावे लागतील. परवानेदार मेला तर त्याच्या वारसानं दाखवावे. त्या तारखेला दाखवले नाहीत तर परवाना रद्द, तलाव पुन्हा हर्रासात.

"एकाच्याच नावानं निघंल," पटवारी म्हणाला. "अठरा नावं लिहायला कागदात जागा न्हाई."

संतरामनं नको म्हटलं. "आमी कशाला नाव लावू? नाव लावलं की काठी नावावर पडती."

"आत्ता कुठं पडती मग?" नामाजी म्हणाला. "बिननावाची काठी लागत न्हाई का?"

परवाना नामाजीच्या नावानं निघाला. मरळ काढायला चार महिने गेले. तातेरावांनी हरकत घेतली नाही. त्यांना खात्री होती की बीज जगणार नाही. आदल्या साली शेजारच्या तालुक्यात सरकारनं स्वतः बैलगाडीतून बीज नेलं होतं, तलावापर्यंत पोचलं तेव्हा मडक्यांत पांढरी पोटं तरंगत होती.

बीज पैनगंगेचं. पहिला पूर ओसरताना काठच्या उथळ पाण्यात ते मिळतं, तांदळाच्या दाण्याएवढं. तिथून साखरतळं आठ कोस. मडक्यातलं पाणी थांबलं की बीज गुदमरतं, फार हिंदकळलं की चेंगरतं. बैलगाडी दोन्ही करते. भोयांनी ते कावडीनं आणलं, पालखीच्या चालीनं. ही चाल धावण्याची नव्हे, चालण्याचीही नव्हे. गुडघे किंचित वाकवून, पाऊल सरपटत, खांदा एका तालात वरखाली. आत बसलेल्या माणसाला झोप लागावी म्हणून ती बसवलेली. मडक्यातलं पाणी त्या तालावर सारखं हलत राहतं, सांडत नाही. नऊ कावडी, अठरा मडकी. मनकर्णा आणि म्हातारी भिकाबाई मागून येत होत्या. दर ओढ्यावर मडक्यांतलं निम्मं पाणी बदलायचं काम त्यांचं.

बीज कावडीतून जिवंत येतंय ही खबर तातेरावांना लागली होती; गावापासून कोसभर अलीकडे भीमसिंग सहा माणसं घेऊन उभा होता. त्यांनी माणसांवर काठी उगारली नाही. मडक्यांवर उगारली. कावड खांद्यावर असलेला माणूस हात वर करू शकत नाही. त्यानं हात सोडला तर कावडच पडते. भीमसिंग ओळीनं चालत गेला आणि एकेक मडकं फोडत गेला. भोई उभे राहिले. वाटेवर बीज तडफडत होतं, चिखलात सांडलेल्या कण्यांसारखं. दहा मडकी फुटल्यावर नामाजीनं आपली रिकामी कावड खाली ठेवली, मोकळी काठी हातात घेतली आणि भीमसिंगच्या तोंडावर मारली. त्याचे पुढचे दोन दात पडले. बाकीचे भोई तेवढ्यात उरलेली आठ मडकी घेऊन त्याच चालीनं पुढे निघून गेले. नामाजीला तिथं टाकून. तेच ठरलेलं होतं. पाणी थांबवायचं नव्हतं.

नामाजीची बरगडी मोडली. आठ मडक्यांतलं बीज मात्र तलावात पडलं आणि वाढलं.

पुढच्या साली, बेचाळीसच्या मे महिन्यात, पाणी उतरलं तेव्हा काठावरून कटल्यांच्या पाठी दिसत. पंधरा तारीख जवळ येत होती. अकरा तारखेला दुपारी नामाजी तलावाच्या मोरीजवळ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून शेवाळ काढत होता. भीमसिंग आणि आणखी तिघे बांधावरून उतरले. एकानं कुऱ्हाडीचा दांडा पाठीत घातला. मग चौघांनी त्याला पाण्यात दाबून धरलं. पलीकडच्या काठावर भिकाबाई गोवऱ्या वेचत होती. तिनं सगळं पाहिलं. मेलेला माणूस त्यांनी बाहेर काढला नाही. पाण्यातच सोडला आणि चालत निघून गेले.

नामाजीला मारायचंच असतं तर हिंगोलीच्या बाजाराची वाट सोपी होती. तो दर मंगळवारी एकटा जाई. पण वाटेवर मेला असता तर भोयांनी पंधरा तारखेला जाळं टाकलं असतं, मनकर्णा वारस म्हणून उभी राहिली असती आणि परवाना टिकला असता. तातेरावांना भोयांचा नियम माहीत होता. तलावात माणूस मेलं की तेरा दिवस जाळं कोरडं. अकरा तारखेपासून तेरा दिवस मोजले की चोवीस येते.

पोलिसांनी लिहून घेतलं की भोई बुडून मेला. भिकाबाईला चौकीत बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. तिनं परत येऊन मनकर्णाला सांगितलं, "मी म्हन्लं, चार जनांनी दाबला. तर ते म्हनतात, म्हातारे, तुला दिसत न्हाई. मी म्हन्लं, तुझ्या मिशीत भाताचं शीत हाय, ते दिसतंय की."

चौदा तारखेला मनकर्णा दिराच्या दारात गेली. "भाऊजी, उद्या गिरदावर येऊन राहिलाय."

"येऊ दे."

"जाळं?"

"मनकर्णे, तुझाच नवरा मेलाय त्या पाण्यात. जाळं कसं पडंल?"

"म्हनून तर तिथं मारला त्याला."

संतरामला हे कळलेलं होतं. सगळ्या अठरा घरांना कळलेलं होतं. तरी कोणी जाळं टाकायला तयार नव्हतं. ते भित्रे होते असं म्हणता येणार नाही. आदल्या साली याच माणसांनी काठ्यांखाली मडकी आणली होती. पण ज्या पाण्यात प्रेत तीन दिवसांपूर्वी होतं त्यात जाळं टाकणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

पंधरा तारखेला सकाळी गिरदावर दोन शिपाई घेऊन घोड्यावरून आला. भोई बांधावर पाण्याकडे पाठ करून बसले होते. तातेराव चिंचेखाली खाटेवर बसून पान लावत होते. गिरदावर ओरडला, "क्या जी, मच्छी है के नई?"

मनकर्णा नामाजीचं फेकजाळं खांद्यावर घेऊन पाण्यात उतरली. तिनं आयुष्यात जाळं फेकलं नव्हतं. हजार विणली होती. पहिल्या तीन फेकी गोळा होऊन पडल्या. तातेरावांच्या माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. "अगं, चुलीवर टाक ते, भाकरीसारखं फुलंल!" चौथ्या वेळी जाळं उघडलं आणि गोल पडलं. भिकाबाई पाटी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली. दोघीच होत्या. बांधावरून संतराम न वळता ओरडत होता, "बाहेर ये! आमच्यात राहायचं असंल तर बाहेर ये!"

दुपार टळली तेव्हा पाटीत एकतीस मासे होते. गिरदावरानं काठीनं माप घेतलं, पाच लहान म्हणून बाजूला टाकले, सव्वीस लिहिले. कागदावर मनकर्णाचा अंगठा घेतला. बाईचा अंगठा उजवा घेतात.

गिरदावराचा घोडा वळणाआड जायच्या आत भीमसिंग बांध उतरून आला. भिकाबाईला त्यानं पाण्यात ढकललं. मनकर्णाचे केस धरून तिला धुण्याच्या दगडापाशी ओढत नेलं, उजवा हात दगडावर धरला आणि दुसरा दगड उचलून चार वेळा मारला. दातांतून हवा जात असल्यामुळे त्याचं बोलणं फुसफुसत येई. तो म्हणाला, "आता टाक जाळं." बांधावर सतरा पुरुष होते. ते पाण्याकडे पाठ करूनच बसून राहिले.

बोटं गेली. अंगठा दगडाच्या कडेबाहेर राहिला होता म्हणून वाचला. भीमसिंगला कागदाचं ज्ञान नव्हतं. परवान्याला बोटं लागत नव्हती, अंगठाच लागत होता.

त्याच आठवड्यात भोयांची पंचायत बसली. मनकर्णानं सुतकात जाळं भिजवलं, बाई असून भिजवलं, म्हणून तिला जातीबाहेर काढलं. तिच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही, तिच्या दारात कोणी जायचं नाही. संतरामनं हे सांगितलं तेव्हा तिच्या हाताला हळद आणि चिंध्या बांधलेल्या होत्या.

"आन तळं?" तिनं विचारलं.

"तळं सगळ्यांचं," संतराम म्हणाला.

सहा वर्षं असंच चाललं. परवाना मनकर्णाच्या नावानं, शेहेचाळीसमध्ये तो आणखी पाच वर्षं वाढला. दर साली पंधरा मेला ती गिरदावरासमोर उभी राही आणि अंगठा देई. जाळं भोई ओढत. तिचा वाटा ते धुण्याच्या त्याच दगडावर ठेवून जात, हातात देत नसत. ती बांधाच्या टोकाला झोपडीत एकटी राही. भिकाबाई तेवढी येई. तिला कोणी बाहेर काढलं नव्हतं, कारण पाटी धरणं हे बायकांचंच काम. "मला काहून सोडलं ते इचार त्यांना," ती मनकर्णाला म्हणे. "माझ्या तोंडाला भेतात."

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली कायदा कोणाचाच राहिला नाही. रझाकारांच्या टोळ्या एका बाजूनं, पैनगंगेपलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या कॅम्पांतली माणसं दुसऱ्या बाजूनं. चौक्या जळत होत्या, गावं उठत होती. तातेरावांनी ज्यांच्याकडे बंदुका त्यांच्याशी जमवून घेतलं होतं. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. पुढचे दोन आठवडे जुने हिशेब चुकते करण्याचे होते. त्यांत ज्यांचा काही हिशेब नव्हता अशीही पुष्कळ माणसं मारली गेली.

तातेराव गाव सोडायच्या तयारीत होते. जाण्याआधी त्यांनी तलाव रिकामा करायचं ठरवलं. एका सकाळी भीमसिंग सुरुंगाच्या दारूच्या नळकांड्या घेऊन बांधावर आला, मागे तातेराव, मागे दोन रिकाम्या बैलगाड्या. पहिला बार उडाला तेव्हा पाणी बांधाएवढं वर गेलं आणि मासे पोट वर करून तरंगले.

आवाज ऐकून भोई आले. या वेळी खांद्यावर कावड नव्हती. भीमसिंग दुसरी नळकांडी तशीच टाकून पळाला. तो त्यानंतर या भागात दिसला नाही. गाडीवाले बैल सोडून गेले. तातेराव एकटे राहिले. ते म्हणाले, "संतराम, तुमची माझी पिढ्यांची वळख." संतरामनं कावडीची काठी त्यांच्या मानेवर घातली. मग सगळ्यांनी. खाली पडल्यावर त्यांना पायाला धरून पाण्यात ओढलं आणि संतराम स्वतः त्यांच्या पाठीवर गुडघे देऊन बसला. हालचाल थांबल्यावरही बसून राहिला. मनकर्णा झोपडीच्या दारातून पाहत होती. ती आली नाही आणि तिनं थांबवलंही नाही.

प्रेत तातेरावांच्या घरच्यांनी नेलं. कोणी तपास केला नाही.

चौथ्या दिवशी नवा अंमलदार हिंगोलीहून जीपनं आला. हुकूम असा होता की जुन्या राज्यातले तलावांचे सगळे परवाने जागेवर तपासायचे. परवानेदार हजर असेल आणि तलावात सोडलेला मासा असेल तर परवाना कायम, नाहीतर लिलाव. तो त्याच दिवशी पाच तलाव पाहून परत जाणार होता.

संतराम झोपडीसमोर आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. दारापासून चार हातांवर थांबला.

"चल. साहेब थांबून राहिले. अंगठा पाह्यजे."

मनकर्णा भाकरी थापत होती. "जाळं?"

"पोरं उथळात ओढतील आता."

"भाऊजी, तळ्यात माणूस मेलंय. आज चौथा दिस."

"ते माणूस व्हतं व्हय?"

"मंग काय, मरळ व्हता?"

मागे भोयांची माणसं जमली. जाळं त्यांच्या खांद्यावर होतं, अजून कोरडं. भिकाबाईही काठी टेकत आली.

"नामाजीच्या येळी चौथ्याच दिशी जाळं भिजवलं म्हनून मला बाहेर काढलं," मनकर्णा म्हणाली. "आज तुमी भिजवता. आजचं बराबर असंल तर माझं बी बराबर व्हतं, तसं तोंडानं म्हना. न्हाई तर तेरा दिस जाळं सुकं राहू द्या. जाऊ द्या तळं लिलावात. मी अंगठा देत न्हाई."

अठरा घरांचं पोट त्या तलावावर होतं, तिचंही. ती मस्करी करत नाही हे संतरामला दिसलं. तिनं भाकरी मनगटानं उलटली.

"उघड की तोंड," भिकाबाई म्हणाली. "मारताना तर जबडा मिटत नव्हता तुझा."

बांधावरून अंमलदारानं विचारलं, "काय चाललंय तिकडे? परवानेदार कोण?"

"तुझं बराबर व्हतं," संतराम म्हणाला.

"मोठ्यानं."

"मनकर्णाचं बराबर व्हतं!" तो मागे वळून ओरडला, जाळं धरलेल्या माणसांकडे. मग चार हात पुढे आला, दाराशी बसला आणि ओंजळ केली. तिनं डाव्या हातानं लोटीतून पाणी ओतलं. तो प्याला. "आता चल."

जाळ्याच्या दोराचं एक टोक मनकर्णानं उजव्या मनगटाला गुंडाळलं आणि ती पाण्यात उतरली. पुरुषांनी दुसरं टोक धरलं. उथळ काठानं अर्धा तलाव ओढून जाळं बाहेर काढलं तेव्हा त्यात चाळीसेक मासे होते. थोडे बारानं फुगून मेलेले, पुष्कळसे जिवंत. त्यांच्यात एक पुरुषी जोडा होता, चांगल्या कातड्याचा, हिंगोलीच्या बाजारात शिवलेला. संतरामनं तो पायानं परत पाण्यात लोटायला पाहिलं.

"कोणाचा?" अंमलदारानं विचारलं.

भोई जाळ्यातले मासे सोडवू लागले.

"जुन्या गुत्तेदाराचा," मनकर्णा म्हणाली.

अंमलदारानं तिच्या हाताकडे पाहिलं, मग माणसांकडे. जिवंत मासे मोजले, एकतीस लिहिले. जोड्याबद्दल काही लिहिलं नाही. मग शाईची गादी पुढे केली. मनकर्णानं ओला अंगठा लुगड्याला पुसला, गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला.